गिअर बदलेना : जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचे निदान

हैदराबादेहून आदिलाबादला परतताना निर्मळ मागे पडले की डोंगरांची चढण लागते. महबूब घाटाच्या जुन्या रस्त्याने येण्याची आमची हौस अद्याप सुटलेली नाही. पावसाळा नुकताच सरला होता, सागाची राने हिरवीगार होती आणि सौ. शेजारी बसून डबा उघडण्याच्या बेतात होती. तेवढ्यात गाडीचे इंजिन ओरडू लागले. पुढचा गिअर काही केल्या पडेना. अखेर मी पाय सैल केला, तेव्हा असा हिसका बसला की डबा सौ.च्या मांडीवरून खालीच गेला. घाटात असे व्हायचेच, अशी मी मनाची समजूत घातली. पण नेरडीकोंडा, इच्चोडा ओलांडून सपाट रस्त्याला लागलो तरी तोच प्रकार चालू राहिला. एरव्ही ताशी चाळीसच्या सुमारास अलगद पडणारा तिसरा गिअर साठ झाले तरी पडत नव्हता. आणि पडे तो धक्का देऊन.

ही गाडी म्हणजे वडील बंधूंनी दिलेली वीस-बावीस वर्षांची छोटी ऑटोमॅटिक. क्लचचे पेडल नसलेली, तीन गिअरची. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून क्लच दाबणे मला जमत नाही. मुले पुण्याला. तेव्हा दवाखाना, बँक, पैनगंगेपलीकडच्या नातलगांची लग्नकार्ये हे सारे या गाडीच्या भरवशावर चालते. म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रींनी एक फेरी मारून, "साब, गिअरबॉक्स बैठ गया, खोलना पडेगा," असे सांगितले, तेव्हा माझा चेहरा पडला. खर्चाचा जो आकडा त्यांनी उच्चारला, तेवढी त्या गाडीची किंमतही नव्हती. शिवाय एवढ्या जुन्या गिअरबॉक्सचे सुटे भाग मिळणे दुरापास्त, आणि खोललेला गिअरबॉक्स पूर्ववत जोडणारा हात मिळणे त्याहून दुरापास्त.

मिस्त्रींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या फारशा नव्हत्याच. अमेरिकेत ओल्ड्समोबिल मोटारीवर हायड्रामॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या मॉडेलपासून मिळू लागला. आपल्याकडे मात्र झेन, एस्टीम, सँट्रो यांसारख्या गाड्यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत आल्या आणि थोड्याच खपल्या. ज्याने आयुष्यभर क्लचप्लेटा बदलल्या, त्याला या बंद पेटीचा अंदाज कसा यावा? नागपूर येथून सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. तेव्हा तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी निदानाची पहिली पायरी मालकालाच चढावी लागते.

ही पायरी म्हणजे चौकशी. वैद्य नाडी पाहण्याआधी विचारतो की दुखणे केव्हापासून आहे आणि त्याआधी काय झाले होते. मीही तोच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर सोपे होते. बिघाडाच्या आदल्याच आठवड्यात हैदराबादच्या एका वर्कशॉपात इंजिनाच्या हवेच्या मार्गाची, ज्याला थ्रॉटल बॉडी म्हणतात त्या भागाची, साफसफाई करून घेतली होती. त्यापूर्वी गिअरची तक्रार कधीच नव्हती. वर्षानुवर्षे नीट चाललेला गिअरबॉक्स नेमका त्याच आठवड्यात बसावा, हा योगायोग मला पटेना.

याचे मर्म समजण्यासाठी ही पेटी कशी चालते ते थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर असून एकाने फेकलेल्या तेलाने दुसरा फिरतो. तेच तेल दाबाखाली आतल्या छोट्या क्लचांना आणि पट्ट्यांना आवळते व गिअर बदलते. म्हणजे तेल हेच येथे वंगण, तेच शक्तीचे वाहन आणि तेच हुकूम पोचवणारे. गिअर कधी बदलायचा हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : गाडीचा वेग, आणि चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे. ही दुसरी बातमी अनेक जुन्या गाड्यांत एक साधी तार गिअरबॉक्सला पोचवते. ती फाजील ताणलेली असेल तर पाय हलका असूनही गिअरबॉक्सला वाटते की चालक जोर मागतो आहे. मग तो गिअर उशिरा आणि धक्क्याने टाकतो. ती ढिली असेल तर गिअर फार लवकर पडतात, आतला दाब कमी राहतो आणि क्लच घसरून जळू लागतात. ही दुसरी अवस्था अधिक घातक, कारण तीत हिसका बसत नाही आणि चालकाला गाडी मऊ चालते आहे असे वाटते.

तारेला हात लावण्यापूर्वी तेल पाहिले. गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून गरम केली, सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सर्व खुणांतून फिरवून पुन्हा 'पी'वर आणले आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. येथे एक सावधगिरी हवी. होंडासारख्या काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पट्टी पाहायची असते, आणि पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवावी. पट्टीवरचे तेल पांढऱ्या फडक्यावर टिपावे. बहुतेक जुन्या गाड्यांचे तेल मूळचे लाल असते. ते तपकिरी झाले असेल तर जुने झाले. काळे पडून करपल्याचा वास येत असेल तर आतले क्लच जळत आहेत. आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळले आहे, मग गाडी मुळीच चालवू नये. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतात. जास्त झाले तरी फेस येऊन तीच गत होते. आमचे तेल तांबूस तपकिरी होते, पातळी बरोबर होती, करपट वास नव्हता. मिस्त्रींच्या निवाड्याविरुद्ध हा पहिला पुरावा.

तेल घालताना आपल्याकडे एक घोर चूक होते. दुकानदार गिअर ऑइल म्हणून नव्वद नंबरचे जाड तेल देतो आणि ते ऑटोमॅटिकमध्ये ओतले जाते. ते येथे विषासमान समजावे. पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच तेल घालावे. उष्णता ही या तेलाची वैरीण आहे. आदिलाबादच्या मे महिन्यात घाट चढणाऱ्या गाडीचे तेल लवकर थकते. उलट आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर गाडी क्षणभर रेंगाळली, तर तेवढ्याने घाबरू नये. गरम झाल्यावरही ती दोन सेकंदांहून अधिक रेंगाळत असेल, तर मात्र तेल, फिल्टर किंवा आतला दाब यांत खोट आहे.

लक्षणे वहीत टिपून ठेवावीत. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही घसरण. चढावर तिसरा-चौथा असा सारखा खेळ चालला आणि लिव्हरवर ओव्हरड्राइव्हचे बटण असेल, तर ते बंद करून पाहावे. पुष्कळदा तो दोष नसतोच. संगणकावर चालणारा गिअरबॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून बसला, तर तो स्वतःला वाचवत असतो. अशा वेळी पेटी खोलण्याआधी बॅटरी, वायरींचे जोड आणि वेगमापक सेन्सर तपासावा व संकेत वाचणारे यंत्र लावून घ्यावे.

मिस्त्रींना मी पुस्तिकेतले तारेचे पान दाखवले. मनुष्य दिलदार, "देखते हैं," म्हणून त्यांनी बॉनेट उघडले. तारेत जी किंचित सैलता ठेवायला सांगितली आहे ती नव्हतीच. तार वीणेसारखी ताणलेली होती. साफसफाई करताना कोणीतरी नट हलवला असावा. तो मापाप्रमाणे बसवायला अर्धा तास लागला. मग आम्ही दोघे गुडीहत्नूरपर्यंत जाऊन आलो. चाळीसच्या आतच तिसरा गिअर पडला, तोही कळला नाही.

हे ऐकून आमचे एक शेजारी आपल्या गाडीची तार तपासायला निघाले! त्यांची गाडी निराळ्या जातीची. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक पद्धत आली, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट. फक्त पाय आणि हात यांचे काम यंत्र करते. त्या पहिल्या गाड्या आता जुन्या झाल्या असून त्यांतल्या हिसक्यांचे कारण बहुधा झिजलेली क्लचप्लेट, हलवणाऱ्या यंत्राचे कमी झालेले तेल, किंवा क्लच बदलल्यावर संगणकाला नवी ओळख करून द्यायची राहून जाणे, हे असते. शेजाऱ्यांना कोणीतरी गिअरबॉक्सचे तेल बदलायला सांगितले होते. दोष क्लचप्लेटेत निघाला. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचे तेल तर आणखी वेगळे. तेव्हा आपली पेटी कोणत्या जातीची, हे आधी विचारून घ्यावे.

गाडी वाटेत बंदच पडली, तर आपल्याकडे लगेच चार माणसे धक्का द्यायला धावतात, नाहीतर ट्रॅक्टरवाला दोर टाकतो. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. आणि इंजिन बंद असता ओढत नेली तर तेलाचा पंप फिरत नसल्याने आतले भाग कोरडे घासतात. ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते ती उचलून, किंवा सरळ गाडी ट्रकवर चढवून न्यावी. त्या दिवशी घाटात गाडी थांबली असती, तर मी स्वतःच दोर मागितला असता.