वजाबाकीची सायकल

सायकल ही वस्तू आपल्या इतक्या नित्याच्या परिचयाची आहे की तिच्याविषयी काही समजावून सांगावयाचे आहे असे म्हटले, तर ऐकणारास थोडे नवल वाटेल. परंतु अलीकडे आपल्या शहरांतील तरुण मंडळींना एका निराळ्या सायकलीची ओढ लागलेली दिसते. ह्या सायकलीला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. उचलली तर एका हाताने उचलावी इतकी ती हलकी. तिला ‘फिक्स्ड गिअर’ची सायकल म्हणतात. दुकानात चौकशी करावी तर किंमत अशी निघते की मध्यम प्रतीच्या पगारदाराच्या अंदाजपत्रकात तिचे शीर्षक उघडणेसुद्धा अवघड व्हावे. मौज अशी की, जी सायकल वस्तू कमी करून बनते ती अधिक पैसे देऊन घ्यावयाची! म्हणूनच थोड्या खर्चात ती आपली आपण कशी उभी करावी, कोठे पैसा वाचवावा आणि कोठे मुळीच वाचवू नये, ह्याचा विचार करणे उपयोगी ठरेल.

प्रथम ही सायकल म्हणजे काय ते पाहू. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. पायडल मारणे थांबविले तरी चाक आपले फिरत राहते आणि फ्रीव्हीलमधील छोट्या खुंट्या टिकटिक करीत दात्यांवरून घसरत जातात. फिक्स्ड गिअरमध्ये ही सोयच नसते. मागचे दातेरी चक्र हबाला पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पायडले फिरतात, आणि पायडले फिरतात तोवर पाय. उतारावर विसावा नाही, वळणावर विसावा नाही. उलटपक्षी, पायांनी मागे जोर लावला की सायकलीचा वेग कमी होतो. स्वार आणि चाक ह्यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ उरत नाही, आणि ह्या सायकलीची गोडी व तिचा धोका ही दोन्ही ह्या एकाच गोष्टीत आहेत.

ही कल्पना नवी नाही. जॉन केंप स्टार्ली ह्याने १८८५ साली इंग्लंडात जी ‘रोव्हर’ सायकल काढली, ती आजच्या सायकलीची आजी म्हणावयास हरकत नाही, आणि ती अशीच होती. फ्रीव्हीलचा प्रसार पुढे १९०० च्या सुमारास झाला. रस्त्यावरून हटलेली जुनी पद्धत शर्यतीच्या बांधीव धावपट्टीवर मात्र टिकून राहिली. जपानात कोकुरा येथे १९४८ साली सुरू झालेल्या केरिनच्या शर्यती आजही अशाच, ब्रेक नसलेल्या सायकलींवर होतात. आपल्याकडे पुण्याजवळ बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने असा सायकलमार्ग बांधला गेला. आणि २०१९ साली जर्मनीत फ्रांकफुर्ट-ओडर येथे भारताच्या कनिष्ठ गटातील मुलांनी सांघिक स्प्रिंटमध्ये जागतिक सुवर्णपदक मिळविले, तेही अशाच सायकलींवर. तेव्हा ही केवळ छानछोकी आहे असे समजण्याचे कारण नाही.

परंतु प्रत्येक यंत्राला त्याची भूमी असते. मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या स्वारापुढे बोरघाट उभा असतो. तेथे उतारावर वेग ताशी ५० किलोमीटर झाला, तर साध्या दात्यांच्या हिशेबाने पायांना मिनिटाला दीडशेहून अधिक फेरे घ्यावे लागतील. हे सामान्य माणसाचे काम नव्हे. आमचे रायपूर मात्र महानदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर वसले आहे. जयस्तंभ चौकातून निघून खारून नदीवरील महादेव घाटापर्यंत जावे, नाही तर नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर सकाळी फेरी मारावी, चढ म्हणून काही लागतच नाही. नावात ‘घाट’ असला तरी तो नदीच्या पायऱ्यांचा! एकाच गिअरच्या सायकलीला ह्याहून अनुकूल प्रदेश शोधून सापडणार नाही.

आता बांधणीकडे वळू. पाया म्हणून घ्यावी ती घराच्या मागील अंगणात किंवा भंगाराच्या दुकानात पडून असलेली जुनी काळी सायकल. अनेक गिअरच्या आधुनिक सायकली ह्या कामी बहुधा निरुपयोगी ठरतात. त्यांच्या मागच्या चाकाच्या खाचा उभ्या असतात, आणि चाक मागेपुढे सरकवून साखळी ताणता येत नाही. जुन्या सायकलीच्या खाचा आडव्या असतात. आपल्याला हव्या तशाच. मात्र चौकट सरळ आहे की नाही ते घेण्यापूर्वीच तपासावे. त्याची युक्ती सोपी आहे. मागच्या खाचेपासून एक सुतळी निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणावी, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. अंतर सारखे असेल तर चौकट सरळ. सांध्यांजवळ रंगाखाली बारीक चीर दिसली तर ती चौकट फुकट मिळाली तरी महागच.

पुढची पायरी वजाबाकीची. अशी सायकल सर्व साजासह २० किलोच्या आसपास भरते. तिचे स्टँड, कॅरिअर, साखळीवरचे आवरण, मडगार्ड आणि स्प्रिंगांची जड सीट एवढे उतरविले की चार-पाच किलो वजन एक पैसाही खर्च न करता कमी होते. सीटच्या जागी साधी हलकी सीट बसवावी. हँडल उलटे करून खाली आणावे. ह्याने वजन कमी होत नाही, पण त्याहून मोठा लाभ होतो. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा अडथळा कापण्यात खर्च होते. शरीर थोडे वाकले की हा अडथळा कमी होतो. मैदानी मुलखात दोन किलो कमी करण्यापेक्षा दोन इंच वाकणे अधिक फलदायी होते, ही गोष्ट हलकेपणाच्या वेडात पुष्कळदा विसरली जाते.

मग हलकेपणाचा उपयोग कोठे? सिग्नलपाशी थांबून पुन्हा निघताना आणि जिन्यावरून सायकल वर नेताना. निघतानाच्या हिशेबात रिम आणि टायर ह्यांचे वजन जवळजवळ दुप्पट मोजले जाते, कारण त्यांना पुढेही न्यावयाचे असते आणि फिरवावयाचेही असते. म्हणून जे काही पैसे खर्चावयाचे ते प्रथम चाकांवर खर्चावे. पोलादी रिमऐवजी अॅल्युमिनियमची रिम घेतली तर वजन कमी होतेच, शिवाय आणखी एक फायदा होतो. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकचे रबर घसरते. अॅल्युमिनियमवर ते बरेच चांगले धरते. आमच्याकडील आषाढ-श्रावणाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

येथे एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ व मागच्यात ४० तारा असतात. आजच्या रिमांना बहुधा ३२ किंवा ३६ भोके असतात. तेव्हा मागचा हब बदलावाच लागतो. शिवाय नवी रिम व्यासाने थोडी लहान असल्यामुळे जुने दांड्यांचे ब्रेक तिला लागू पडत नाहीत. लांब हातांचे कॅलिपर ब्रेक घ्यावे लागतात.

हब बदलावयाचाच आहे, तर धावपट्टीच्या सायकलीचा खास हब घ्यावा. त्याच्यावर दोन प्रकारचे आटे असतात. दातेरी चक्र सरळ आट्यावर बसते, आणि त्याच्यावरचे कुलपी कडे उलट्या आट्यावर. पाय मागे दाबले की चक्र सैल होऊ पाहते, पण त्याच वेळी कडे अधिक घट्ट होऊ पाहते; दोघे एकमेकांना जागेवर ठेवतात. पुष्कळ जण पैसे वाचविण्यासाठी साध्या हबावरच चक्र चढवून वर सरळ आट्याचे कडे कसतात, किंवा फ्रीव्हीलला वेल्डिंग करून घेतात. चार दिवस ते चालतेही. परंतु दोन्हींचे आटे एकाच दिशेचे असल्यामुळे जोराने मागे दाबले असता सारेच सुटून फिरू शकते, आणि ते नेमके आपल्याला थांबण्याची सर्वांत अधिक गरज असते त्याच क्षणी.

दात्यांचा हिशेब सोपा आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले व चाक २८ इंचांचे असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे घेतले तर वेग ताशी सुमारे २० किलोमीटर पडतो, आणि ८० फेरे घेतले तर २६. शहरात हे प्रमाण पुरेसे आहे. जुन्या सायकलीवर बहुधा एवढेच दाते असतात, म्हणून पुढचे चक्र बदलण्याचा खर्च वाचतो. दोन्ही चक्रे एका सरळ रेषेत आली पाहिजेत, आणि साखळीच्या मध्यावर बोट दाबले असता ती अर्ध्या इंचापलीकडे हलता कामा नये. सैल साखळी चक्रावरून उतरली तर चाक जागच्या जागी अडकते. इतके सर्व नीट जमले म्हणजे मूळची २० किलोंची सायकल १२-१३ किलोंवर येते. जागतिक संघटनेच्या नियमांनी २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची किमान मर्यादा घातलेली आहे. तिच्या जवळपास आपण जात नाही, आणि जाण्याचे कारणही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आमच्या वसाहतीतील एक तरुण अशी सायकल बांधीत होता. तो मला म्हणाला, “काका, पाय मागे दाबले की थांबतेच की ती. मग ब्रेकचे ओझे कशाला? दिसायलाही बरे दिसत नाही.” धावपट्टीवर त्याचे म्हणणे खरे आहे. तेथे समोरून रिक्षा येत नाही, गाय आडवी जात नाही, आणि पुढच्या स्वारालाही ब्रेक नसतो. रस्त्याचे गणित निराळे. वेग कमी होऊ लागला की स्वाराचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होऊन घसरते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल चांगल्या पुढच्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर सुमारे पाच मीटरांत थांबविता येते. केवळ मागचे चाक अडवून तिला दुप्पट अंतर लागते. गोलबाजारासारख्या गजबजलेल्या ठिकाणी हे जादा पाच मीटर कोणाच्या तरी अंगावर जातात.

हा नुसता तर्क नाही. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या त्या स्वाराला पुढील वर्षी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वाचविलेले वजन असेल पावशेर-अर्धा शेर. त्यापायी एक कुटुंब उद्ध्वस्त झाले आणि एका तरुणाचे आयुष्य डागाळले. माझ्या त्या तरुण मित्राला मी एवढेच म्हटले, “अरे, कॅरिअर काढलेस ते तुझे स्वतःचे ओझे होते. ब्रेक हा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा वाटा आहे; तो काढण्याचा अधिकार तुला नाही.” म्हणून पुढचा ब्रेक अनिवार्य समजावा, आणि कुलपी कड्याचा हब परवडत नसेल तर मागचाही.

सायकल तयार झाली की पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानावर घालवावेत. जन्मभराची सवय अशी असते की उतार लागला की पाय थांबवावेत. येथे पाय थांबविताच सायकल स्वाराला पुढे ढकलते. वळताना फार कलू नये, कारण आतले पायडल वर धरता येत नाही आणि ते जमिनीला घासते. साखळीचे आवरण काढलेले असल्याने विजारीचा पाय बांधून घ्यावा. ओढणी किंवा पदर मोकळा सोडू नये. आणि चाक फिरत असताना साखळीला फडके कधीही लावू नये. साध्या सायकलीत हात अडकला तर चक्र थांबते. ह्या सायकलीत चाकाचा सारा वेग बोटांना दात्यांत ओढून नेतो.

काटकसर आणि कंजूषपणा ह्यांतील भेद आपल्याकडील जुन्या गृहिणींना चांगला ठाऊक होता. सणाच्या दिवशी पक्वान्न एक कमी होई, पण देवापुढच्या समईत तेल कमी पडत नसे. ह्या सायकलीचेही तसेच आहे. काढता येईल ते सर्व काढावे, जुने वापरता येईल ते जुने वापरावे, आणि जे वाचेल ते चाक, हब व ब्रेक ह्या तीन ठिकाणी सढळ हाताने खर्चावे. मग थोड्या पैशांत बांधलेली ती सायकल मैदानी रस्त्यावर अशी धावेल की स्वाराला आपल्या पायांचे बळ प्रथमच नीट उमगेल, आणि हवे तेथे हवे तेव्हा ती थांबेलही.