द्राक्षमद्याची परीक्षा आणि रुचिनिर्णयाचे प्रामाण्य

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या रुचीच्या प्रमाणाविषयीच्या निबंधात सर्व्हांतीसच्या 'दोन किहोते' या कादंबरीतील एक प्रसंग उदाहरणादाखल घेतला आहे. सांचोच्या दोघा आप्तांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करावयास सांगितले जाते. एकास त्यात चामड्याची किंचित चव लागते, दुसऱ्यास लोखंडाची. लोक दोघांचीही थट्टा करतात. परंतु पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. रुची व्यक्तिपरत्वे भिन्न असली तरी रुचिनिर्णय निराधार नसतो, हे ह्यूमला या कथेवरून सुचवावयाचे आहे. मद्यपरीक्षेचा आजचा व्यवहार पाहिला असता हे मत कितपत टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

फ्रान्समधील बोर्दोजवळचा मेदोक प्रदेश हे या परीक्षेचे विख्यात क्षेत्र होय. तेथील द्राक्षमळ्यांना व त्यांतील वास्तूंना 'शातो' म्हणतात. वास्तुशिल्पज्ञ लुई कोंब याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रचलेला शातो मार्गो हा प्रासाद आपल्या आयोनिक स्तंभांमुळे व त्याकडे नेणाऱ्या वृक्षवीथीमुळे कोणाही पाहुण्याच्या मनावर ठसा उमटवितो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाकरिता बोर्दोच्या दलालांनी या भागातील तांबड्या मद्यांच्या पाच श्रेणी ठरविल्या. त्यात मार्गोस प्रथम श्रेणी मिळाली. या वर्गीकरणास मुख्यतः बाजारातील किमतींचा व लौकिकाचा आधार होता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

अशा ठिकाणी परीक्षेचा क्रम ठरलेला असतो. पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरपा धरून प्रथम रंग पाहतात. तांबडे मद्य जुने होत जाते तसतशी त्याची जांभळट छटा विटकरी होते. मग पेला गोल फिरवून गंध घेतात, कारण द्रव ढवळला गेला म्हणजे त्यातील उडून जाणारी द्रव्ये अधिक मोकळी होतात. नंतरचा घोट तोंडात घोळवून बहुधा थुंकून टाकतात. एरवी अनेक नमुने तपासणाराची विवेकशक्ती शाबूत राहणार नाही. आपण जिला सामान्यतः 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंधच असतो. तो तोंडाच्या मागील बाजूने नाकात पोचतो. जिभेला जाणवणारा तुरटपणा हाही रूढ अर्थाने रस नव्हे. मद्यातील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बद्ध होते आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा कमी होतो. म्हणजे तुरटपणा ही मुख्यत्वे स्पर्शसंवेदना आहे.

येथवर ह्यूमचा पक्ष बळकट दिसतो. परंतु २००१ साली मोरो, ब्रोशे व द्युबुर्दिय या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग विचार करावयास लावणारा आहे. त्यांनी मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरे मद्य गंधहीन रंगद्रव्याने तांबडे करून ठेवले, तेव्हा त्यांनी त्याच्या गंधाचे वर्णन तांबड्या मद्याच्या परिभाषेत केले. २००८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात तेच मद्य अधिक किमतीचे म्हणून दिले असता ते अधिक रुचकर वाटले, आणि मेंदूतील सुखानुभवाशी निगडित भागाची क्रियाही वाढलेली आढळली. यावरून पाहणारा खोटे बोलतो असे ठरत नाही. त्याचा अनुभवच पालटतो. मग स्तंभ, वृक्षवीथी आणि यजमानाचा लौकिक यांचा प्रभाव घोटावर पडत नाही, असे कोण म्हणेल?

यावरील उपाय म्हणजे नाव झाकून केलेली परीक्षा. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर यांनी भरविलेल्या अशा परीक्षेत फ्रेंच परीक्षकांच्याच गुणांनी तांबड्या व पांढऱ्या दोन्ही प्रकारांत कॅलिफोर्नियाची मद्ये पहिली आली. तथापि त्याच परीक्षकांनी एकाच मद्यास दिलेल्या गुणांतही बरीच तफावत होती. नाव झाकल्याने पूर्वग्रह दूर होतो. मतैक्य निर्माण होतेच असे नाही.

आता ह्यूमच्या किल्लीकडे पुन्हा पाहू. तिने मद्यात लोखंड व चामडे होते एवढेच सिद्ध केले. ते मद्य चांगले होते की नाही, याविषयी ती मूक आहे. घटक ओळखणे आणि मूल्य ठरविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्याची शहानिशा बाह्य पुराव्याने होऊ शकते; दुसऱ्यासाठी अभ्यास, तुलना व चर्चा यांवाचून गत्यंतर नाही. भरताने नाट्यशास्त्रात रसाचे विवेचन करताना नाना व्यंजनांनी संस्कारिलेले अन्न आस्वादणाऱ्या 'सुमनस्' पुरुषाचा दृष्टान्त दिला, तेव्हा आस्वादकाची तयारीही त्याने आस्वादाचाच भाग मानली.

प्रासादाच्या सान्निध्यात घेतलेला आनंद खोटा नव्हे; मात्र तो मद्याचा निर्णय नव्हे, एका संपूर्ण प्रसंगाचा आस्वाद आहे. निर्णय करणाराने आपण नेमके कशाचे मूल्यमापन करीत आहोत, हे आधी निश्चित केले पाहिजे. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून गुण देणारे आपण, कविता वाचताना मात्र कवीचे नाव प्रथम पाहतो. या सवयीची तपासणी मद्यपरीक्षकापेक्षा साहित्यसमीक्षकास कमी आवश्यक आहे, असे वाटत नाही.