पैठण रोडवरची विजेची सायकल

चितेगाव म्हटलं की आधी व्हिडिओकॉन आठवतं. पैठण रोडच्या चौदाव्या किलोमीटरला या कंपनीचा मोठा कारखाना होता. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे बिडकीनची औद्योगिक वसाहत, मागे शहर, त्यामुळे मल्टिमीटर हाताळलेला माणूस या पट्ट्यात शोधावा लागत नाही. तरी इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायची म्हटलं की घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात, "बिघडली तर दुरुस्त कोण करणार?" माझं उत्तर ठरलेलं आहे: नाक्यावरचा सायकलवाला. कारण ही गाडी कुरकुरते ती बहुतेक वेळा सायकलीच्या बाजूने.

चाकात मोटर बसवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकाच्या हबमधल्या मोटरचं पेटंट 1895 मध्येच मिळालं होतं. माउंटन बाइक आली 1970च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवरून. पायडलच्या जोराला मोटरची साथ देणारी सायकल यामाहाने 1993 मध्ये बाजारात आणली. आता पुण्याची ईमोटोराड आणि हिरोची लेक्ट्रो अशा सायकली विकतात. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर साधारणपणे नंबरप्लेट लागत नाही, लायसन्सही लागत नाही.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांची मोटर मागच्या हबमध्येच असते. ती चाक थेट फिरवते, चेनवर तिचा ताण येत नाही. ताण येतो तारांवर. गाडी साध्या सायकलीपेक्षा बरीच जड, त्यात मोटरचा झटका आणि मुरमाच्या रस्त्यातले खड्डे. त्यामुळे नवी गाडी थोडी चालली की मागच्या चाकाच्या तारा एकदा आवळून आणि रिंगचा आऊट काढून घ्यावाच. एक तार तुटली की तिचा भार शेजारणींवर जातो आणि मग त्याही तुटायला लागतात. ब्रेकचे पॅडही लवकर झिजतात. घासल्याचा आवाज येईपर्यंत थांबलात तर डिस्कवर चरे पडतात.

खरी परीक्षा मात्र मागचं चाक पंक्चर झाल्यावर. इथे बांधावर बाभळी आहेत, त्यामुळे हा प्रसंग येणारच. आधी गाडी बंद करून बॅटरी काढायची. वायर फ्रेमला जिथे प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली असते ती पट्टी कापायची. मोटरच्या कनेक्टरवर दोन बाण समोरासमोर असतात. तो न पिळता सरळ ओढायचा, नाहीतर आतल्या पिना वाकतात. मग पान्याने दोन्ही नट ढिले करायचे आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते फोनमध्ये टिपून ठेवायचं. त्यातला एक दात असलेला वॉशर फार महत्त्वाचा. तो फ्रेमच्या खाचेत अडकून मोटरच्या दांड्याला फिरू देत नाही. तो उलटा बसला किंवा नट ढिला राहिला, तर दांडा स्वतःच फिरतो आणि वायर पिळून तोडतो. कुशल सायकलवाला मात्र एवढ्या खटाटोपात पडतच नाही. गाडी उलटी करतो, डिस्प्ले जमिनीला टेकू नये म्हणून हँडलखाली पोतं ठेवतो, टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढतो आणि चाक जागेवर ठेवूनच पॅच मारतो. मी तेच करून घेतो. ट्यूबमध्ये सीलंट भरून ठेवलं तर बारीक काट्याची फिकीर उरत नाही.

पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालू नये. आपली माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी घट्ट बसते की चाक फिरायचंच थांबतं, आणि मोटर मात्र ओढत राहते. चिखल वाळू द्या आणि लाकडी काडीने खरवडून काढा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा हबवर अजिबात मारू देऊ नका, पाणी वायरीच्या तोंडातून आत शिरतं. बादली आणि ओलं फडकं पुरतं.

बॅटरीला चिखलाहून उन्हाचं भय जास्त. 36 व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियमच्या सेलचे दहा टप्पे एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो 42 व्होल्ट दाखवतो. एका चार्जला वीज लागते साधारण अर्ध्या युनिटच्या आत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीची बॅटरी आतून शिजते. ती काढून घरात आणावी, गार होऊ द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी. महिनाभर गाडी चालवायची नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी.

काही वर्षांनी पॅक दमतो, चढावर लवकर मान टाकतो. म्हणून गाडी घेतानाच दुकानदाराला विचारा: याच आकाराचा पॅक पुढे मिळेल का, आणि केवढ्याला? नव्या सेल भरून देणाराही भेटेल, पण त्याच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं यंत्र आणि पॅकच्या सर्किटची जाण असायला हवी. सेलवर थेट सोल्डर करणाऱ्याच्या हाती पॅक देऊ नका. त्या उष्णतेने सेल आतून खराब होते आणि पुढे पेटूही शकते.