सुट्टी, विसावा आणि मध्यम वय

या वसतिगृहाच्या घंटेवर ज्यांनी आपले दिवस मोजले, त्यांपैकी अनेक जण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास स्थिरावलेली ही मंडळी दिवाळीत आणि मे महिन्यात सातारा-सांगलीकडील आपापल्या गावी येतात. रात्रभर प्रवास, पाठोपाठ लग्ने, घराची डागडुजी, शेताच्या बांधाचा वाद आणि पाहुण्यांच्या पंगती यांत आठ-दहा दिवस सरतात. सुट्टी संपते आणि माणूस आला त्याहून अधिक थकून परततो.

विसावा आपल्या समाजास सहज लाभलेला नाही, याचे येथे स्मरण होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेले बाल भीमराव पुढच्याच वर्षी उन्हाळी सुट्टीत, खटाव तालुक्यात नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवाला गाडी हाकण्यास तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली. शिदोरी जवळ होती. पण पाणी कोणी देईना, म्हणून ती रात्र उपाशी काढावी लागली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे मजूरमंत्री या नात्याने त्यांनीच पुढाकार घेतलेल्या कायद्याने 1945 साली कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. त्यापूर्वी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. इतक्या कष्टाने मिळालेला विसावा आपण हेळसांडीत घालवू नये, असे आम्हांस वाटते.

चाळिशीनंतर झोप हलकी होते, अपुऱ्या विश्रांतीची भरपाई लवकर होत नाही आणि रक्तदाब व मधुमेह पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतात. प्रौढ माणसास रोज निदान सात तासांची झोप हवी. सुट्टीतही झोपण्या-उठण्याची वेळ शक्यतो बदलू नये. दिवसभर काम करून रात्री स्वतः गाडी चालवत निघणे टाळावे. पहाटेपूर्वीच्या प्रहरात डुलकी लागण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. मद्याने झोप येते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याने उत्तररात्रीची झोप मोडते. पाचवे शील पाळण्यास हेही एक कारण आहे.

आहाराविषयी संयुक्त निकायात एक बोधप्रद कथा आहे. कोसलनरेश पसेनदी अति जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. मात्रा जाणून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा आशयाची गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणास पाठ करावयास सांगितली व आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावयास लावली. हळूहळू त्याचा आहार बेताचा झाला व शरीर हलके झाले. भगवंतांनी राजाला उपाशी ठेवले नाही. त्याला मात्रा शिकवली. आपणही घरातील एखाद्या मुलास हे काम सांगावे. दिवाळीचा फराळ वाटीत काढून घ्यावा, डब्यातून खाऊ नये. रश्श्याच्या जेवणानंतर लगेच आडवे न होता थोडे चालावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि आठवड्यास किमान 150 मिनिटे झपाझप चालण्यासारखा व्यायाम करावा. फरसाण, पापड व लोणचे ताटात एकत्र आले की मिठाची ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

नियमित औषधे सुट्टीच्या दिवसांपेक्षा दोन-चार दिवस अधिक पुरतील इतकी जवळ ठेवावीत. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये. इन्सुलिन मे महिन्यात बंद मोटारीत ठेवू नये, उष्णतेने ते निकामी होते. माण, आटपाडी, जत या भागांत दुपारी बारा ते चार उन्हातील कामे टाळावीत आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा अकारण घाम आल्यास ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नये, तत्काळ दवाखाना गाठावा.

घरातील भगिनींची सुट्टी बहुधा चुलीपुढेच जाते. रजोनिवृत्तीच्या वयात झोप मोडते, अंग तापते, मन अस्वस्थ होते. अशा वेळी वीस माणसांचा स्वयंपाक एकटीवर टाकणे मैत्रीभावनेस धरून नाही. पुरुषांनी व मुलांनी कामाची वाटणी करून घ्यावी. वसतिगृहात आपण सर्वांनीच भांडी घासली आहेत.

वृद्धापकाळी पाठ दुखू लागली तेव्हा भगवंतांनी सारिपुत्तास धम्मकथन करण्यास सांगितले व स्वतः विसावा घेतला. विश्रांती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सुट्टीत येणाऱ्या पौर्णिमेस उपोसथ पाळून मोबाईल, दूरदर्शन व गाणी बाजूस ठेवल्यास मनासही विसावा मिळतो. मात्र मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी दुपारनंतरचा उपवास डॉक्टरांस विचारूनच करावा.

येत्या सुट्टीस निघण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून कोणती लग्ने घ्यायची, कोणते काम पुढे ढकलायचे आणि कोणते दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवायचे, हे ठरवावे. सर्व माजी विद्यार्थी, पालक व उपासक-उपासिकांस निरामय सुट्टी लाभो, ही मंगल कामना.