मॅक्वारी बेटावरील मांजर, ससा आणि पोपट

टास्मानियापासून आग्नेयेकडे सुमारे १,५०० किलोमीटर अंतरावर, अंटार्क्टिकाच्या वाटेवर, नकाशात एक बारीक उभी रेघ दिसते. ते मॅक्वारी बेट होय. त्याची लांबी ३४ किलोमीटर, तर रुंदी जेमतेम ५. पश्चिमेचे झंझावाती वारे तेथे बारमाही वाहतात. वर्षातून तीनशेहून अधिक दिवस पाऊस वा हिमकण पडतात. बेटावर झाड म्हणून एकही नाही. पुरुषभर उंचीच्या गवताचे झुबके आणि कोबीसारखी रुंद पानांची एक वनस्पती हेच तेथील अरण्य. परंतु त्या अफाट महासागरात पिलांना जन्म देण्याजोगी कोरडी जमीन फार थोडी असल्याने सील, पेंग्विन आणि पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी येथे लाखोंच्या संख्येने जमतात. रॉयल पेंग्विन तर हे बेट आणि त्यालगतचे खडक सोडून इतरत्र घरटी करीतच नाही.

बेटास मूळचे रहिवासी नव्हते. ११ जुलै १८१० रोजी फ्रेडरिक हॅसलबरो हा कप्तान सीलच्या शोधात येथे पोहोचला. त्याचे जहाज रॉबर्ट कॅम्पबेल याच्या पेढीचे होते, आणि हा कॅम्पबेल सिडनीस आला तो कलकत्त्याच्या एका व्यापारी घराण्यातर्फे. बेटास ज्याचे नाव मिळाले तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी हाही पूर्वी मुंबईस लष्करी नोकरीत होता. हॅसलबरोने शोध गुप्त ठेवण्याचा यत्न केला. पण अशी गोष्ट बंदरात किती दिवस लपणार? लवकरच प्रतिस्पर्धी जहाजांची रीघ लागली.

त्यानंतर जी मनुष्यवस्ती झाली तिला वसाहत म्हणणे जरा धाडसाचेच. छावणी हा शब्द अधिक रास्त. जहाजे टोळ्यांना किनाऱ्यावर उतरवून निघून जात आणि महिनोन्महिने परतत नसत. माणसे गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहत, सीलची चरबी जाळून ऊब घेत आणि रक्तपिती टाळण्यासाठी ती कोबीसारखी वनस्पती खात. मऊ केसांच्या फर-सीलची कातडी हे त्यांचे पहिले लक्ष्य. दीड-दोन लाख प्राणी मारले गेल्याचा अंदाज आहे. १८२० मध्ये रशियन दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन येथे आला, तेव्हा हा व्यापार संपून टोळ्या हत्ती-सीलच्या तेलाकडे वळल्या होत्या. कातडी परदेशी गेली आणि अभ्यासासाठी नमुना कोणीच राखला नाही. त्यामुळे ते फर-सील नेमके कोणत्या जातीचे, हेही आज निश्चित सांगता येत नाही.

पुढे पेंग्विनांची पाळी आली. न्यूझीलंडच्या जोसेफ हॅच याने १८८९ च्या सुमारास वाफेचे प्रचंड हंडे आणून पेंग्विन उकळून तेल काढण्यास आरंभ केला. एका पक्ष्यापासून जेमतेम अर्धा लिटर तेल मिळे. डग्लस मॉसन प्रभृतींनी जोराचा विरोध केला. १९२० च्या सुमारास हा उद्योग बंद पडला आणि १९३३ मध्ये बेट अभयारण्य ठरले.

तथापि बेटाची सर्वांत खोल हानी केली ती बंदुकीने वा सोट्याने नव्हे, तर टोळ्यांबरोबर आलेल्या प्राण्यांनी. बेटावर हिरव्या रंगाचा, जमिनीवर गवतात घरटे करणारा एक पोपट होता. १८२० मध्येच तेथे रानटी मांजरे हिंडत होती. तरीही पोपट पुढे साठ वर्षे टिकला! याचे कारण हिवाळा. पेट्रेल आणि बहुतेक पेंग्विन समुद्रात निघून जात, मांजरांची उपासमार होई आणि त्यांची संख्या आपोआप मर्यादित राही. १८७८ च्या सुमारास माणसांनी खाण्यासाठी ससे सोडले. ससा बेट सोडून जात नाही. मांजरांना बारमाही अन्न मिळाले, ती वाढली, आणि १८९१ च्या सुमारास पोपट नाहीसा झाला. पोपटाच्या अंड्यालाही न शिवणारा ससा असा त्याच्या नाशास कारण झाला.

विसाव्या शतकात हीच साखळी उलट दिशेने उलगडली. १९७८ पासून विषाणूजन्य मिक्सोमॅटोसिस रोग पसरवून सशांची संख्या पुष्कळ घटविण्यात आली. २००० साली शेवटचे मांजर मारले गेले. परंतु रोगाचा जोर ओसरला होता आणि शिकारीही उरला नव्हता. ससे बेसुमार वाढले. (दोहोंपैकी मुख्य कारण कोणते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.) गवत मुळापर्यंत कुरतडले गेले, उतार उघडे पडले आणि २००६ मध्ये एक दरड पेंग्विनांच्या वस्तीवर कोसळली.

एकेक प्राणी वेगळा काढून भागणार नाही, हे आता पटले. ससे, उंदीर आणि घुशी यांचे एकदमच उच्चाटन करण्यासाठी सुमारे अडीच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना आखली गेली. २०११ च्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले. त्यात काही समुद्रपक्षीही मेले, हे नमूद केले पाहिजे. उरलेसुरले ससे शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांनी हुडकले. पुढे दोनेक वर्षे माणसे कुत्र्यांसह दऱ्याखोऱ्या धुंडाळीत राहिली, आणि २०१४ मध्ये बेट या तिन्ही प्राण्यांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

उतारांवर गवत पुन्हा दाट झाले आहे. राखी पेट्रेलने तर मांजरे संपताच, शंभराहून अधिक वर्षांनंतर, बेटावर पुन्हा पिले वाढविली. १९४८ पासून तेथे ऑस्ट्रेलियाचे संशोधन केंद्र आहे. तिकडे निघालेल्या प्रत्येकाचे बूट, खिसे आणि पिशव्या गवताच्या बियांसाठी तपासल्या जातात.