गोळी मिळाली, रक्त कोण तपासणार?

छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला दोन औषधे पुरेसा काळ देऊनही उतार पडला नाही, तर क्लोझापीनचा विचार करावा लागतो. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून ८ रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे पडले. १९८८ साली जॉन केन व सहकाऱ्यांनी ते पुन्हा कसोटीस लावले. इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्ण त्याने सुधारले. क्लोरप्रोमाझीनने अवघे ४ टक्के. औषध परतले, परंतु अटीवर. ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्यास रक्त तपासतात.

ही अट माण तालुक्यात आणून पाहावी. वाडीवरून दहिवडी वा म्हसवड गाठायचे म्हणजे घरातील आणखी एकाची रोजी बुडते. चार खेपांनंतर तपासणी टळावी आणि गोळी मात्र चालू राहावी, हा खरा धोका. (गोळी एकाएकी तोडणे हाही उपाय नव्हे, आजार उलटतो.) ताप आला, घसा धरला, तर त्याच दिवशी रक्त तपासावयाचे असते. बद्धकोष्ठाविषयी संकोचापायी कोणी बोलत नाही. पण या औषधाने आतडी मंदावून प्राणही गेले आहेत. पर्जन्यछायेतील उन्हाळ्यात, बेताच्या पाण्यावर, त्याची धास्ती अधिकच.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने उपचाराचा हक्क दिला. त्यात रक्ताची नळी, वेळेत अहवाल देणारी प्रयोगशाळा आणि एस.टी.चे भाडे धरले आहे काय, हे आरोग्य खात्याने सांगावे.