जांभ्याच्या भूमीवर हीट पंप

वसतिगृहातील स्नानाच्या पाण्यासाठी रत्नागिरीत हीट पंप उत्तम. फ्रीजच्याच तत्त्वावर चालणारे हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्याला देते. हवा उबदार असल्याने एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता लाभते.

मात्र खरी कसोटी अर्थिंगची. जांभ्याचा कातळ विजेला सहज वाट देत नाही, आणि वैशाखात तर तो कोरडाठाक असतो. म्हणून अर्थिंगचा खड्डा मातीच्या, ओलाव्याच्या जागी खोल घ्यावा व त्याचा रोध मापकाने मोजावा. तार जोडली, काम झाले, असे मानणारे कारागीर पुष्कळ भेटतात. येथे ओल्या अंगाने नळाला हात लावणारी मुले आहेत. स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

बाहेरचा भाग खाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला, तरीही मोकळ्या जागी, उंच चौथऱ्यावर बसवावा. टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याचे तोंड कधीही बुजवू नये. कोमट साठ्यात जंतू वाढतात, यास्तव टाकीत ६० अंश सेल्सिअस राखावे. परंतु तेवढे ऊन पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. त्यामुळे नळापर्यंत ते मिक्सिंग व्हॉल्व्हमधून, थंड पाण्यात मिसळूनच यावे.